खरी खडी, खोटं गवत

आमच्या घराण्यात आजवर नाना प्रकारचे प्रश्न पडले. पागडी भरून जागा घ्यावी की चाळीतच राहावं, मुलीची पत्रिका दाखवावी की हरवली म्हणून सांगावं, आजोबांची भिकबाळी मोडून थोरल्याला इंजिनिअर करावं की भिकबाळी जपून त्याला तलाठी करावं, असे सगळे भारदस्त प्रश्न. पण घरामागच्या पोहण्याच्या तलावाच्या काठाला प्लॅस्टिकचं गवत लावावं की खडी पसरावी, हा प्रश्न आमच्या मागच्या सात पिढ्यांत कुणाला पडला असेल असं वाटत नाही. तलावच नव्हता, तर काठ कुठला? डोंबिवलीला आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तिच्या काठाला शेवाळ असतं, आणि ते अगदी खरं असतं.

हा प्रश्न आमच्या चिरंजीवांना पडला. चिरंजीव अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहराच्या एका उपनगरात राहतात. फिनिक्स म्हणजे वाळवंट. वर्षाकाठी सात-आठ इंच पाऊस. आमच्याकडे एवढा पाऊस छत्री उघडेपर्यंत पडून जातो. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथं सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटच्या खाली उतरला नव्हता. म्हणजे आपले त्रेचाळीस अंश. आम्ही दोघं त्याच्या पुढच्या वर्षी जून महिन्यात गेलो. विमानतळाबाहेर पाऊल टाकल्याबरोबर आमची ही म्हणाली, “कुणी भट्टीचं दार उघडं टाकलंय का हो?”

अशा ठिकाणी घरामागं तलाव असणं ही चैन नसून प्रथमोपचार आहे, असं चिरंजीवांचं म्हणणं. मी त्या तलावाला पहिल्या दिवसापासून हौद म्हणत आलो. सूनबाईंना ते आवडत नाही. पण जिथं चारी बाजूंनी भिंत आणि मधोमध पाणी, त्याला माझ्या शब्दकोशात दुसरा शब्द नाही. तर या हौदाभोवती पूर्वी गवत होतं. खरं. पाण्याचं बिल पाहून चिरंजीवांनी त्याचं पाणी तोडलं होतं आणि आम्ही पोचलो तेव्हा ते सगळं पिवळं पडून कापायला काढलेल्या जुन्या पायपुसण्यासारखं दिसत होतं. आता ते उपटून त्या जागी काय घालायचं, यावर घरात दोन पक्ष पडले होते.

खडीचा पक्ष चिरंजीवांचा. “बाबा, हे वाळवंट आहे. वाळवंटात खडीच शोभते. पाणी नको, कापणं नको, आणि स्वस्त.” गवताचा पक्ष सूनबाईंचा. “खडी पोरीच्या पायाला टोचते. ओल्या पायांना चिकटून पाण्यात जाते, तळाच्या गिलाव्याला चरे पाडते, पंपाची गाळणी तुंबवते. गाळणी कोण साफ करतं? मी.” यावर चिरंजीव म्हणत, प्लॅस्टिकचं गवत उन्हात तापतं. सूनबाई म्हणत, खडी काय थंड असते? दोन्ही पक्ष सुशिक्षित असल्यामुळे भांडण आवाज न चढवता चाले, म्हणून ते मिटतही नसे. आमच्या पिढीत एकदा भांडं आपटलं की निकाल लागायचा.

शेवटी एका रविवारी दोघांनी मला पंच नेमलं. मी सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं काढली. ‘विचाराधीन आहे’ यापलीकडे कुठलाही निर्णय त्या बत्तीस वर्षांत दिलेला नाही. पण इथं एक तत्त्वाचा प्रश्न होता, आणि तत्त्वाचा प्रश्न आला की निवृत्त माणसाला राहवत नाही.

“खडी!” मी म्हणालो. “खडी टोचते, पण खोटं बोलत नाही. ती म्हणते, मी दगड आहे. तुमचं ते गवत म्हणतं, मी गवत आहे, आणि असतं काय? दुधाची पिशवी ज्याची करतात तेच पॉलिथिन. जे उगवत नाही, वाढत नाही, सुकत नाही, त्याला गवत म्हणायचं? घरात खोटेपणा एकदा काठाशी आला की हौदात पडायला वेळ लागत नाही.”

वाक्य बरं जमलं होतं. मी पुढं हॉकीही काढली. आमच्या पिढीचा या नकली गवताशी जुना दावा आहे. १९७५ साली क्वालालंपूरला खऱ्या गवतावर आपण विश्वचषक जिंकला आणि पुढच्याच वर्षी माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये ते प्लॅस्टिक अंथरलं, तर आपण सातवे. १९२८ पासून हॉकीत पदकाशिवाय आपण कधी परतलो नव्हतो. त्या दिवशी कचेरीत कुणी डबा उघडला नव्हता. “त्या गवतावर मी अनवाणी पाय ठेवायचा?” मी शेवटचा सवाल टाकला.

आमची ही शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “अहो, तत्त्व बोलताना कवळी घट्ट बसवून बोला. मघाशी ‘पॉलिथिन’ म्हणताना सुटत होती.”

सूनबाईंनी तोंडाला पदर नव्हता म्हणून टॉवेल लावला. ही पुढं म्हणाली, “डोळ्यांत दोन्ही भिंगं डॉक्टरांनी घातलेली. केस काळे करता ते रविवारी सकाळी दार लावून. माझा उजवा गुडघा कसल्या तरी धातूचा आहे आणि चार वर्षं तो खऱ्या गुडघ्यापेक्षा बरा चाललाय. या घरात खरं असं कितीसं उरलंय, म्हणून त्या बिचाऱ्या गवतावर डोळा?”

पंचांचा निर्णय विचाराधीन राहिला.

त्या रात्री मला झोप लागेना. हिचा मुद्दा कवळीसारखाच घट्ट बसला होता. खोटं म्हणजे नेमकं काय? आपल्या वेदान्तात सत्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक. दोरीवर साप दिसतो तो प्रातिभासिक. त्या हिशेबानं नकली गवताचा हिरवा रंग प्रातिभासिक, ते बसवणाऱ्या कंत्राटदाराचं बिल व्यावहारिक, आणि या पैशात डोंबिवलीत काय काय झालं असतं हा विचार पारमार्थिक. पण एवढ्यानं समाधान होईना.

मग मयसभा आठवली. मयासुरानं पांडवांना अशी सभा बांधून दिली की दुर्योधनानं जमिनीला पाणी समजून वस्त्रं वर उचलली आणि पाण्याला जमीन समजून तो धपकन आत पडला. पांडव हसले, दुर्योधनाच्या मनात ते सलत राहिलं, आणि पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणजे नीट पाहिलं तर कुरुक्षेत्राच्या अनेक कारणांपैकी एक कारण हौदाचा काठ ओळखू न येणं हे आहे. हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नातीच्या मदतीनं त्या यंत्रावर या नकली गवताचा इतिहास शोधून काढला. आणि काय वाचलं म्हणता? अमेरिकेत ह्यूस्टनला १९६५ साली छप्पर असलेलं प्रचंड क्रीडागृह बांधलं, ॲस्ट्रोडोम. आत खरं गवत. उजेड यावा म्हणून छप्पर पारदर्शक. पण खेळाडूंनी वर पाहिलं की डोळे दिपून चेंडूच दिसेना. म्हणून छपराला रंग फासला. चेंडू दिसायला लागला आणि गवत मेलं. तेव्हा त्या शहाण्यांनी काय करावं? मेलेल्या गवताला हिरवा रंग दिला आणि उरलेले सामने त्यावर खेळवले! पुढच्या वर्षी, १९६६ साली, त्या जागी प्लॅस्टिकचं गवत आलं, आणि त्या क्रीडागृहावरूनच त्याला ॲस्ट्रोटर्फ हे नाव पडलं.

आता सांगा, यात जास्त खोटं कोणतं? प्लॅस्टिकचं गवत, की रंग फासलेलं खरं गवत?

मग माझ्या डोक्यात एक एक दिवा लागायला लागला. फिनिक्सचं बरंचसं पाणी कोलोरॅडो नदीतून येतं. त्यासाठी ३३६ मैलांचा कालवा वाळवंटातून खणला आहे. मुंबई ते नागपूरच्या दोन तृतीयांश अंतर. त्या नदीत इतकं कमी पाणी उरलं की २०२१ साली अमेरिकी सरकारला पहिल्यांदाच अधिकृत तुटवडा जाहीर करावा लागला. शेजारच्या नेवाडा राज्यानं त्याच वर्षी कायदा केला, की लास वेगसच्या परिसरात नुसतं शोभेसाठी राखलेलं गवत या नदीच्या पाण्यावर २०२६ नंतर जगवायचं नाही. म्हणजे इथं हिरवंगार खरं गवत राखणं, हेच मुळात ढोंग. ते गवत प्रत्येक पात्यानिशी सांगत असतं, इथं वाळवंट नाही, इथं इंग्लंड आहे. गवत खरं, पण बोलतं खोटं! उलट प्लॅस्टिकचं गवत ही एक प्रकारची कबुली आहे. ते म्हणतं, बाबांनो, इथं गवत होत नाही, म्हणून मी आलो.

आणि माझी ती सत्यवचनी खडी? जपानात क्योतो शहरात र्‍योआन्जी नावाचं देऊळ आहे. त्याच्या अंगणात पांढरी खडी पसरून तिच्यावर दंताळ्यानं रेघा ओढतात आणि मध्ये पंधरा दगड ठेवलेत. ती खडी म्हणजे पाणी, असं पाहणाऱ्यानं समजायचं. समजतातही. जगभरातून माणसं येऊन त्या कोरड्या पाण्यासमोर तासतासभर गप्प बसतात. म्हणजे खडीलाही सोंग घेता येतं, आणि ते सोंग पाहून माणसं अंतर्मुख होतात. उलट फ्रान्सच्या राजानं व्हर्सायला खऱ्या गवताचा लांबलचक पट्टा केला, त्याला लोक नाव काय देतात? ‘हिरवा गालिचा’. एकानं गालिच्यासारखं गवत केलं, दुसऱ्यानं गवतासारखा गालिचा केला. यात खऱ्याची बाजू घेऊन भांडणार कोण आणि कुणाशी?

मी पंच म्हणून निकाल दिला, तो असा. हौदाच्या कडेनं पाच फुटांचा पट्टा गवताचा, पोरीच्या पायांसाठी. त्यापलीकडे कुंपणाच्या भिंतीपर्यंत खडी, चिरंजीवांच्या तत्त्वांसाठी. दोन्ही पक्ष सारखेच नाराज झाले, त्यावरून निकाल न्याय्य असावा. फक्त ही म्हणाली, “गवताला पाणी नाही म्हणता आणि हौदात पुरुषभर पाणी उन्हाला पाजता, त्याचं काय?” खरं होतं. तिथल्या उघड्या हौदातून वर्षाला जवळजवळ पुरुषभर पाणी वाफ होऊन जातं. पण तो प्रश्न पंचांकडे आलेला नव्हता.

कंत्राटदार आला. जुनं गवत मुळासकट खणून काढताना त्याची दमछाक झाली. खाली खडीचा थर, वर दाबलेली बारीक कच, त्यावर ते गवताचं जाजम, पात्यांच्या मुळाशी वाळू. गवताला त्यानं पंधरा वर्षांची हमी लिहून दिली. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो. माझं वय चौऱ्याहत्तर. माझ्या डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या गोळ्यांपलीकडे मला काही लिहून दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोठ्या उदार मनानं त्या गवतावर अनवाणी पाय ठेवला आणि डोंबिवलीला ऐकू जाईल असा ओरडलो. भर उन्हात ते साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतं. तेव्हापासून नात पोहायला निघाली की सूनबाई आधी नळीनं गवतावर पाणी मारतात. खोट्या गवतालाही पाणी घालावं लागतं! चिरंजीव खिडकीतून ते बघतात आणि काही बोलत नाहीत. संसारात इतकं तरी ते शिकले, याचं मला बरं वाटलं.

असे दिवस चालले होते. आणि मग गणेशचतुर्थी आली.

हिनं घरी शाडूची एवढीशी मूर्ती केली. मोदकांची तयारी झाली. दूर्वा मात्र नाहीत. भारतीय सामानाच्या दुकानातल्या आदल्या दिवशीच संपलेल्या. चिरंजीव गाडी घेऊन तीन दुकानं हिंडून रिकाम्या हातांनी आले. आणि तेव्हा त्यांनीच यंत्रावर शोधून मला जे दाखवलं, त्यानं मी मटकन खाली बसलो. अमेरिकेत ज्याला बर्म्युडा गवत म्हणतात, आणि जे हौदाभोवतालून आम्ही पैसे देऊन मुळासकट खणून कचऱ्याच्या गाडीत घातलं, ते म्हणजे हरळी. आपली दूर्वा! आम्ही इतके दिवस दूर्वांच्या रानात बसून खडी की प्लॅस्टिक यावर वाद घालत होतो.

सगळे गप्प बसलो. तेवढ्यात आमची सात वर्षांची नात बागेतून आत आली. हातात कात्री, आणि दुसऱ्या हातात नव्या गवताची पाती. मोजून एकवीस. “आजी, हे चालेल?”

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. सत्याचा ठेका माझ्याकडं होता ना! पॉलिथिनच्या दूर्वा देवाला वाहायच्या? माझ्या तोंडावर ‘नाही’ आलंही होतं. पण हिनं ती पाती धुतली, लाल दोऱ्यानं जुडी बांधली, आणि म्हणाली, “पूजेच्या आधी तुम्ही पाटावर तांदळावर सुपारी मांडलीत. तिला काय म्हणालात?”

“गणपती,” मी म्हणालो.

“आणि कापसाच्या मण्यांच्या माळेला?”

“वस्त्र.”

“सुवर्णपुष्पदक्षिणा म्हणून काय ठेवणार आहात?”

माझ्या मुठीत पंचवीस सेंटांचं नाणं होतं. मी मूठ मिटली.

मग माझ्या ध्यानात आलं. आपण तर या विद्येत मुरलेली माणसं. जे नाही त्याच्या जागी अक्षता वाहायच्या, हे आपलं शास्त्र. दसऱ्याला आपट्याचं पान हातावर ठेवून ‘सोनं घ्या, सोन्यासारखे राहा’ म्हणायचं, आणि घेणाऱ्यानंही ते सोनं म्हणून घ्यायचं. कुणी सराफाकडं घेऊन जात नाही. यात खोटं कुठं आहे? देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक, आणि देवालाही ठाऊक. जिथं दोन्हीकडच्या माणसांना ठाऊक असतं तिथं फसवणूक नसते. तिथं नुसती नड असते आणि नडीवर घातलेली माया असते. सुपारी गणपती होते, कवळी दात होते, धातूचा गुडघा हिला देवळाच्या पायऱ्या चढवतो. खोटं असतं ते समोरच्याला कळू नये म्हणून केलेलं. मग ते शंभर नंबरी खऱ्या मालाचं का असेना.

प्लॅस्टिकच्या दूर्वा वाहिल्या. आरती झाली. नात खूश होती. देवानंही काही तक्रार केली नाही.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण एक कसोटी हातात आली की माणूस ती दुसऱ्यांना लावता लावता चुकून स्वतःला लावतो. रात्री सगळे झोपल्यावर मी हौदाच्या काठी बसलो होतो. गवत आता निवलं होतं. चिरंजीव बाहेर आले, शेजारी बसले आणि रोज विचारतात तेच त्यांनी विचारलं. “बाबा, करमतं ना इथं?”

गेले तीन महिने मी याचं एकच उत्तर देत आलो होतो. “छान करमतं.” हिरवंगार, एकसारखं कापलेलं, पाणी न लागणारं उत्तर. आणि या उत्तराच्या भरवशावर पोरगा पुढचे बेत करत होता. आमचे कायम राहण्याचे अर्ज भरायचे, डोंबिवलीची जागा काढून टाकायची. म्हणजे हे आपट्याचं पान नव्हतं. हे त्याला कळू नये म्हणून अंथरलेलं होतं.

“नाही रे करमत,” मी म्हणालो. “तुम्ही तिघं आहात म्हणून बरं वाटतं, पण करमत नाही. दुपारी पडदे लावून बसलं की कुणाच्या कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. टाकीच्या पाण्यावरून भांडायला कुणी नाही. येत जाऊ दरसाल, पण जागा काढू नकोस.”

बोललो आणि वाटलं, टोचलं पोराला. तो बराच वेळ पाण्याकडं पाहत राहिला. मग म्हणाला, “मलाही पहिली पाच-सहा वर्षं करमत नव्हतं, बाबा. तुम्ही फोनवर विचारायचात, तेव्हा मी ‘छान करमतं’ म्हणायचो.”

ते आम्हाला खरं वाटलं होतं. इतकं छान करमतं तर पोरगा आपल्याला विसरला, असं म्हणून त्याची आई किती रात्री उशीत तोंड घालून रडली होती, ते मला आठवलं. त्याला मी सांगितलं नाही. एका रात्री किती खडी पसरायची यालाही काही मर्यादा आहे.

आता आम्ही डोंबिवलीला आहोत. रविवारी फोन येतो. चिरंजीव विचारतात, “कसे आहात?” मी विचारतो, “गवत सांगू की खडी?” “खडी.” मग मी गुडघ्याचं, रक्तदाबाचं, टाकीच्या शेवाळाचं खरं खरं सांगतो. तोही त्याच्या नोकरीचं खरं खरं सांगतो. काही वेळा फार टोचतं. पण पाणी तुंबत नाही.

परवाच्या फोनवर मात्र नातीनं यंत्र बापाच्या हातून ओढून घेतलं. कुंपणाच्या बाजूला, खडीतून वर, आपलं आपण हिरवं काहीतरी आलं आहे म्हणाली. हरळीच ती, इतक्यात मरते थोडीच! कंत्राटदार म्हणाला, औषध मारून टाकतो. सूनबाईंनी त्याला चतुर्थीपर्यंत हात लावायला मनाई केली आहे.

“आजोबा,” नात म्हणाली, “हे रिअल आहे. पण आपण आधीचं पण वाहायचं हं, नाहीतर त्याला वाईट वाटेल.”